नागपुरातून कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्सकडे: पदवीनंतरची वाट, पोस्टडॉकपर्यंत

भारतात ‘कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्स’ असं नाव छापलेली पदवी शोधायला निघालात तर हाती फारसं काही लागणार नाही. चेतापेशी आणि मेंदू कसे काम करतात हे गणित आणि संगणक वापरून शोधणारा हा विषय कुठे जीवशास्त्राच्या विभागात बसतो, कुठे इलेक्ट्रिकलमध्ये, कुठे गणितात, तर कुठे ‘कॉग्निटिव्ह सायन्स’ या पाटीखाली. नागपुरातला बीएस्सीचा किंवा बीटेकचा विद्यार्थी प्रवेशाच्या वेबसाइटवर हे दोन शब्द टाकतो, काही सापडत नाही, आणि आपल्याकडे हे शिकवतच नाहीत असं समजून सोडून देतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण विषय आपल्याकडे आहे आणि जोमात आहे. तो पदवीच्या नावाने न शोधता लॅबच्या आणि प्रश्नाच्या नावाने शोधावा लागतो. हा लेख त्यासाठीच आहे.

आधी विषय कशाचा आहे ते

१९५२ मध्ये हॉजकिन आणि हक्सली यांनी स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड अक्षतंतूवर (चेतापेशीच्या लांब धाग्यावर) केलेल्या मोजमापांवरून चेतापेशीतला विद्युतस्पंद कसा तयार होतो हे चार समीकरणांत मांडलं. केंब्रिजचा संगणक तेव्हा बंद होता, म्हणून हक्सलींनी हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर ती समीकरणं सोडवली. १९६३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. या विषयाची पद्धत अजूनही तीच आहे: मोजा, समीकरण मांडा, सोडवा, आणि जे अजून मोजलेलं नाही त्याचं भाकीत करून पुन्हा प्रयोगाकडे जा.

फक्त चेतापेशींच्या जोडण्यांचा नकाशा हाती असून भागत नाही, हे एका जंताने दाखवून दिलं आहे. सी. एलिगन्स या सूक्ष्म कृमीच्या ३०२ चेतापेशींचा जोडणी-आराखडा १९८६ मध्येच प्रसिद्ध झाला. तरीही तो कृमी पुढच्या क्षणी कुठे वळेल हे आपल्याला नीट सांगता येत नाही. २०२४ मध्ये फळमाशीच्या मेंदूतल्या सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशींचा आराखडा आला. माणसाच्या मेंदूत त्या सुमारे ८,६०० कोटी आहेत. आराखडा आणि वागणूक यांच्यामधली दरी भरायला गणित लागतं, संगणक लागतो आणि जीवशास्त्रही लागतं. म्हणूनच हा आंतरविद्याशाखीय विषय आहे, आणि म्हणूनच इथे कुठल्याही एका शाखेचा विद्यार्थी अर्ध्या तयारीनेच येतो.

पहिली पायरी: आपलं कोणतं अर्धं रिकामं आहे ते ओळखा

व्हीएनआयटी, ट्रिपलआयटी किंवा रामदेवबाबाचे विद्यार्थी असाल तर कोडिंग आणि सिग्नल प्रोसेसिंग तुमच्याकडे आहे. पेशीपटलाचं विभव, आयन चॅनल, सिनॅप्स (दोन चेतापेशींमधला सांधा), हिप्पोकॅम्पस (स्मृतीशी संबंधित मेंदूचा भाग) हे शब्द परके असतील, पण वर्षभर नेमाने वाचलं तर ते आपले होतात.

इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, हिस्लॉप किंवा शिवाजी सायन्सला प्राणिशास्त्र, जैवतंत्रज्ञान शिकत असाल तर उलट स्थिती आहे. त्यातही बारावीला गणित सोडून नुसतं बायो घेतलं असेल तर रेषीय बीजगणित, विकल समीकरणं आणि संभाव्यता ही तिन्ही मुळापासून करावी लागतील. स्पष्ट सांगते, ही दुसरी कमतरता भरून काढणं जास्त अवघड आहे आणि पीएचडीला लागल्यावर तर त्यासाठी वेळच मिळत नाही. म्हणून बायोच्या मुलांनी दुसऱ्या वर्षापासूनच गणिताला हात घालावा. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणमंचावर या तिन्हींचे कोर्स फुकट आहेत. परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यायला थोडी फी पडते, ती द्या, कारण गुणपत्रिकेत गणित नसलेल्या अर्जदाराला तो एक पुरावा असतो.

फार्मसीच्या मुलांना आपण यात कुठे बसतो हे कळतच नाही. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात मेंदूतली रसायनं आणि प्राण्यांचं वर्तन यांवर संशोधनाची जुनी परंपरा आहे. उंदरांवरचे वर्तन-प्रयोग नीट करता येणारा आणि त्याचा डेटा पायथॉनमध्ये हाताळू शकणारा विद्यार्थी कोणत्याही लॅबला हवाच असतो.

मेडिकल कॉलेजच्या किंवा एम्सच्या एमबीबीएसवाल्यांसाठी वेगळा रस्ता आहे. पदवीच्या काळात आयसीएमआरची अल्पमुदतीची विद्यार्थी संशोधन योजना घ्या. नंतर एमडीऐवजी संशोधनाकडे वळायचं असेल तर आयआयटी खरगपूरचा मेडिकल सायन्स अँड टेक्नॉलॉजीचा तीन वर्षांचा मास्टर्स खास डॉक्टरांसाठी आहे, तो पाहा.

दुसरी पायरी: दोन छोटे प्रोजेक्ट, घरच्या लॅपटॉपवर

प्रवेशाच्या मुलाखतीत “मला मेंदूत खूप रस आहे” असं सगळेच म्हणतात. त्या रसाचा पुरावा फार थोडे दाखवतात. पुढचे दोन प्रोजेक्ट साध्या लॅपटॉपवर होतात आणि त्यांना एक पैसा लागत नाही.

पहिला म्हणजे एका चेतापेशीचं सर्वात साधं मॉडेल, लीकी इंटिग्रेट-अँड-फायर. विश्रांतीचं विभव उणे ६५ मिलिव्होल्ट, उंबरठा (जिथे पोचल्यावर स्पाइक सुटतो ते विभव) उणे ५०, स्पाइक म्हणजे विद्युतस्पंद झाल्यावर परत उणे ६५, पटलाचा रोध १० मेगाओहम आणि कालस्थिरांक २० मिलिसेकंद घ्या. कोड लिहिण्याआधी कागदावर गणित करा. उंबरठा १५ मिलिव्होल्ट वर आहे, म्हणजे १.५ नॅनोअँपिअरपर्यंत पेशी गप्प राहायला हवी. २ नॅनोअँपिअर दिले तर दोन स्पाइकमधलं अंतर २० गुणिले ४ चा नैसर्गिक लॉगॅरिदम, म्हणजे जवळपास २८ मिलिसेकंद, अर्थात सेकंदाला साधारण ३६ स्पाइक. आता कोड चालवा. आकडा जुळला नाही तर तुमच्या कोडमधला कालावधीचा टप्पा (टाइम-स्टेप) मोठा आहे किंवा समीकरणात चूक आहे. जुळला की विद्युतप्रवाह बदलत जाऊन स्पाइकदराचा आलेख काढा, मग त्यात यादृच्छिक गोंगाट मिसळा. १.५ च्या खालीही पेशी अधूनमधून बोलू लागते. असं का होतं, हे स्वतःच्या शब्दांत पानभर लिहा. ते पान अर्जात फार मोलाचं ठरतं. पुढे हॉजकिन–हक्सलीची समीकरणं स्वतः सोडवा, आणि त्यानंतरच ‘ब्रायन’ किंवा ‘न्यूरॉन’ ही तयार सॉफ्टवेअर वापरा. उलट क्रमाने गेलं की बटणं कळतात आणि पेशी कळायची राहून जाते.

दुसरा प्रोजेक्ट खऱ्या डेटाचा. फिजिओनेट या संकेतस्थळावर १०९ स्वयंसेवकांचा ६४ चॅनलचा ईईजी डेटा, म्हणजे डोक्यावरून मोजलेल्या मेंदूच्या विद्युतलहरी, खुला आहे. त्यात प्रत्येकाचं एक मिनिट डोळे उघडे आणि एक मिनिट डोळे मिटलेलं असं मोजमाप आहे. एमएनई-पायथॉन हे मोफत पॅकेज तो डेटा थेट उतरवून देतं. डोक्याच्या मागच्या भागातले चॅनल घ्या, वारंवारतेचा आलेख काढा आणि डोळे मिटल्यावर ८ ते १३ हर्ट्झच्या पट्ट्यात उंचवटा येतो का ते पाहा. हान्स बर्गरने १९२९ मध्ये मांडलेली अल्फा लहर ती हीच. सगळ्या १०९ जणांत ती सारखी दिसत नाही. खरा अभ्यास तिथून सुरू होतो: किती जणांत दिसत नाही, का दिसत नाही, तुमच्या फिल्टरने काही खाल्लं का.

इथे एक कळकळीची सूचना. धंतोली-रामदासपेठेत न्यूरोलॉजीचे दवाखाने पावलोपावली आहेत आणि ओळखही निघते. तरी कुणाकडून रुग्णांचे ईईजी किंवा एमआरआय पेनड्राइव्हवर आणू नका. संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आणि रुग्णाची संमती नसलेला डेटा वापरणं रुग्णावर अन्याय आहे, आणि असं काम कुठे छापताही येत नाही. खुला डेटा भरपूर आहे. ओपनन्यूरो, डँडी आणि अ‍ॅलन इन्स्टिट्यूटचे संच बघून संपणार नाहीत.

वाचायला पीटर डायन आणि लॅरी अ‍ॅबट यांचं २००१ चं पाठ्यपुस्तक हा पाया आहे. गणित कच्चं असेल तर वुल्फ्राम गर्स्टनर आणि सहकाऱ्यांचं पुस्तक जवळचं वाटेल, आणि ते इंटरनेटवर पूर्ण मोफत आहे.

तिसरी पायरी: एक उन्हाळा बाहेर

नागपूरच्या मे महिन्यात इथे तसंही काही होत नाही. तिन्ही विज्ञान अकादम्यांची मिळून असलेली उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती दोन महिने एखाद्या लॅबमध्ये काम करायची संधी देते. अर्ज मात्र आदल्या पावसाळ्यानंतरच निघतात, म्हणून सप्टेंबरपासून लक्ष ठेवा. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचा व्हीएसआरपी हा तसाच कार्यक्रम. बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र-संशोधन संस्थेत होणारी ‘कॅम्प’ ही स्मृती आणि चेताजोडण्यांच्या गणिती अभ्यासाची उन्हाळी शाळा या विषयात येऊ पाहणाऱ्यांसाठी देशातली उत्तम सुरुवात आहे. घर सोडणं शक्य नसेल तर २०२० मध्ये सुरू झालेली न्यूरोमॅच अकॅडमी आहे. जुलैमध्ये तीन आठवडे, पूर्ण ऑनलाइन, छोट्या गटात शिकवणारे सोबत. फी देशानुसार कमी होते आणि माफीसाठीही अर्ज करता येतो. सगळं शिक्षणसाहित्य एरवीही खुलं असतं.

चौथी पायरी: देशातली दारं

मराठी मुलांना सर्वात जवळचं दार पुण्याचं. आयसर पुणे या केंद्रीय विज्ञान संस्थेच्या जीवशास्त्र विभागात सुहिता नाडकर्णी यांची लॅब सिनॅप्समधल्या घडामोडींची संगणकीय मॉडेल्स करते, तर कॉलिन्स असिसी यांच्या लॅबचा विषय चेतापेशींच्या जाळ्यांची गतिकी हा आहे. दोन्हीकडे भौतिकशास्त्र-इंजिनिअरिंगवाल्यांना परकं वाटत नाही.

बेंगळुरूत आयआयएससीचं (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) सेंटर फॉर न्यूरोसायन्स आहेच, पण फक्त तिथेच अर्ज करून थांबू नका. ऋषिकेश नारायणन यांचं हिप्पोकॅम्पसच्या पेशींवरचं काम मॉलिक्युलर बायोफिजिक्स युनिटमधून चालतं, आणि गणिताच्या बाजूने यायचं तर आयआयएससीचा गणिती विज्ञानातला आंतरविद्याशाखीय पीएचडी कार्यक्रम वेगळा आहे. एकाच आवारात तीन दारं आहेत. एनसीबीएसमधल्या उपिंदर भल्ला यांच्या लॅबमधून ‘मूस’ हे सिम्युलेशन सॉफ्टवेअर आलं. तिथे प्रवेशासाठी जेजीबिल्स ही परीक्षा असते आणि बीएस्सीनंतर थेट इंटिग्रेटेड पीएचडीही (एमएस्सी आणि पीएचडी एकत्र) करता येते.

आयआयटी मद्रासमध्ये श्रीनिवास चक्रवर्ती यांनी पार्किन्सनशी संबंधित बेसल गँग्लिया या मेंदूतल्या भागाच्या मॉडेल्सवर खूप काम केलं आहे, आणि त्यांचे कोर्स एनपीटीईएलवर आहेत. मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र न्यूरोसायन्समध्येच एमएस्सी आणि पीएचडी देतं. विचार, भाषा, लक्ष अशा वरच्या पातळीवरचे प्रश्न आवडत असतील तर आयआयटी गांधीनगर, आयआयटी कानपूर, ट्रिपलआयटी हैदराबाद, हैदराबाद विद्यापीठ आणि अलाहाबाद विद्यापीठ यांचे कॉग्निटिव्ह सायन्सचे विभाग पाहा. चिप आणि हार्डवेअरची ओढ असेल तर आयआयटी मुंबईच्या इलेक्ट्रिकल विभागात मेंदूच्या धर्तीवर चालणाऱ्या चिपांचं संशोधन होतं.

लॅबच्या प्रमुखांची नावं दिली ती सुरुवात करायला. माणसं बदलतात, विद्यार्थी घेणं थांबवतात, म्हणून अर्जाआधी लॅबचं पान आणि गेल्या दोन-तीन वर्षांतले पेपर स्वतः पाहा.

परीक्षांचं गणित सोपं ठेवा. इंजिनिअरिंगवाल्यांनी गेट द्यावी, आपल्या शाखेच्या पेपरशिवाय बायोमेडिकल इंजिनिअरिंग आणि डेटा सायन्स–एआय हे पेपरही आहेत. गुण तीन वर्षं चालतात. एमएस्सीवाल्यांनी सीएसआयआर-नेट आणि जेजीबिल्स. बीएस्सीनंतर लगेच एमएस्सी किंवा इंटिग्रेटेड पीएचडीला जायचं तर जॅम. २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी झालेल्यांना थेट पीएचडीलाही अर्ज करता येतो. चार वर्षांची बीएस्सी निवडावी की नाही, या चर्चेत हा मुद्दा घरी जरूर मांडा.

एक इशारा फारसं कुणी देत नाही, म्हणून ठळकपणे लिहिते. पुढे महाराष्ट्रातल्या कॉलेजात किंवा विद्यापीठात शिकवायचं मनात असेल तर एमएस्सी कोणत्या विषयात केली याला फार महत्त्व आहे. सहायक प्राध्यापकाच्या जाहिराती विषयानुसार निघतात. ‘प्राणिशास्त्र’ किंवा ‘भौतिकशास्त्र’ हवं असलेल्या जागी ‘कॉग्निटिव्ह सायन्स’ची पदवी घेऊन गेलात तर पात्रता पटवता पटवता दमछाक होते. आयसर, आयआयटी, आयआयएससी यांचं तसं नाही, तिथे काम बघतात. म्हणून मास्टर्स जुन्या, मान्य विषयात आणि पीएचडी आंतरविद्याशाखीय, हा क्रम मला जास्त सुरक्षित वाटतो.

पैशाचं बोलू

पीएचडी करताना दरमहा फेलोशिप मिळते, हे अनेक घरांत अजून माहीत नसतं. नेटमधून मिळणाऱ्या जेआरएफला (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये, शिवाय नियमानुसार घरभाडे भत्ता. इंटिग्रेटेड पीएचडीतही सुरुवातीपासून काही रक्कम मिळते. साध्या एमएस्सीला मात्र स्वतःची सोय पाहावी लागते.

राज्य सरकारच्या संस्थाही पीएचडीसाठी अधिछात्रवृत्ती देतात: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त जाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती. महाज्योतीचं मुख्यालय तर आपल्या नागपुरातच आहे. परदेशी शिक्षणासाठी अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, त्यात विद्यापीठाचं जागतिक क्रमवारीतलं स्थान पाहिलं जातं. जात वैधता, नॉन-क्रीमिलेअर, उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रं जाहिरात निघाल्यावर काढायला धावू नका. प्रवेशपत्र हातात आणि दाखला अजून सेतू केंद्रात, अशी वेळ कुणावर येऊ नये.

पाचवी पायरी: परदेश

जर्मनीत बर्नस्टीन नेटवर्क या नावाने या विषयाचं देशभर जाळं आहे. बर्लिनचा कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्सचा दोन वर्षांचा मास्टर्स इंग्रजीत आहे आणि बॅच लहान असते. पदवीत गणित पुरेसं झालं आहे का हे ते काटेकोर तपासतात. बर्लिनला शिक्षणशुल्क नाही. ट्युबिंगेनलाही या विषयाचा मास्टर्स आहे, पण ते बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात असल्याने युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. राहण्याच्या खर्चासाठी वर्षाला जवळपास १२ हजार युरो ब्लॉक्ड खात्यात (दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या बँक खात्यात) दाखवावे लागतात, आणि २०२२ पासून भारतीयांना एपीएस प्रमाणपत्र (तुमची शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याची तपासणी) लागतं. त्याला वेळ लागतो, आधी तेच मागवा. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या इन्स्टिट्यूट ऑफ न्यूरोइन्फॉर्मेटिक्सचा मास्टर्स तोलाचा आहे, पण शहर महागडं.

लंडनचं गॅट्सबी युनिट १९९८ मध्ये जेफ्री हिंटन यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालं. मशीन लर्निंग आणि मेंदूचा सिद्धांत तिथे एकाच छताखाली चालतो. गणितात खरोखर पक्के असाल तरच तिथे अर्ज करा. अमेरिकेत बीटेक किंवा बीएस्सीनंतर थेट पीएचडीला जाता येतं, पगारासह. कार्नेगी मेलनचा न्यूरल कॉम्प्युटेशन, शिकागोचा कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्स, शिवाय न्यूयॉर्क, कोलंबिया, प्रिन्स्टन. अर्ज बहुधा डिसेंबरात संपतात आणि प्रत्येकाची अर्ज-फी वेगळी. ती अनेक ठिकाणी माफ करून मिळते, विचारायला लाजू नका. जपानमधलं ओकिनावाचं ओआयएसटी हे संशोधन-विद्यापीठ आपल्याकडे कमी माहीत आहे: सगळं इंग्रजीत, विभागांच्या भिंती नाहीत, पीएचडीला पूर्ण खर्च. केन्जी डोया यांची न्यूरल कॉम्प्युटेशनची लॅब तिथलीच.

गाइडला मेल कसा टाकायचा

‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ लिहून पन्नास जणांना एकच मेल धाडला की तो न वाचता जातो. मेल आठ-दहा ओळींचा असू द्या. पहिल्या दोन ओळींत तुम्ही कोण आणि काय शिकता. मग त्यांच्या एका पेपरमधली एक नेमकी गोष्ट आणि तीवर तुमचा एक प्रश्न, अगदी “तुमच्या मॉडेलमध्ये गोंगाट वाढवला तर हा परिणाम टिकेल का” इतका साधाही चालेल. मग तुमच्या दोन प्रोजेक्टच्या कोडची लिंक. शेवटी काय हवं ते सरळ: उन्हाळी प्रोजेक्ट, पीएचडीची जागा, की फक्त बोलायला वीस मिनिटं. दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, त्यानंतर सोडा. शिफारसपत्रासाठी विभागप्रमुखांच्या पदापेक्षा तुमचं काम जवळून पाहिलेल्या शिक्षकाची दोन पानं जास्त कामाची असतात.

पोस्टडॉक: इथे वयाचं आणि वर्षांचं भान ठेवा

पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधनाचं काम. पीएचडी संपण्याच्या दीड वर्ष आधी त्याची तयारी सुरू करा, कारण बहुतेक फेलोशिपना यजमान लॅबचं संमतिपत्र लागतं आणि घड्याळ पीएचडीच्या तारखेपासून चालू होतं. जर्मनीच्या हम्बोल्ट फेलोशिपला पीएचडीनंतर चार वर्षांच्या आत, युरोपच्या मारी स्क्लोदोव्स्का-क्युरीला आठ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. क्युरीला आणखी एक अट आहे: ज्या देशात जायचं तिथे गेल्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. म्हणजे जर्मनीत पीएचडी करून लगेच जर्मनीतच क्युरी, असं होत नाही.

भौतिकशास्त्र, गणित किंवा इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करून पहिल्यांदाच जीवशास्त्राकडे वळणाऱ्यांसाठी ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रामची क्रॉस-डिसिप्लिनरी फेलोशिप आहे. व्हीएनआयटीतून गणित किंवा इलेक्ट्रॉनिक्समध्ये पीएचडी करणाऱ्या कुणालाही, आता उशीर झाला असं वाटत असेल तर ही योजना आधी वाचा. ती त्यांच्यासाठीच केलेली आहे. न्यूयॉर्कच्या फ्लॅटआयर्न इन्स्टिट्यूटमध्ये कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्सचं स्वतंत्र केंद्र आहे, तिथेही पोस्टडॉक घेतात.

देशात राहायचं असेल तर केंद्र सरकारच्या एएनआरएफ या संशोधन-निधी संस्थेची नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची आहे आणि सर्वसाधारण वयोमर्यादा ३५ आहे. आयआयएससीची सी. व्ही. रमण पोस्टडॉक वेगळी. परदेशातून परतणाऱ्यांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची (डीबीटी) रामलिंगस्वामी योजना आहे, आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची (डीएसटी) इन्स्पायर फॅकल्टी देशातल्या आणि परदेशातल्या दोन्ही भारतीयांसाठी आहे. परतायचा विचार पक्का असेल तर पोस्टडॉकच्या दुसऱ्या वर्षी भारतातल्या विभागांत एकदा सेमिनार देऊन या. नेमणुकीची समिती बसते तेव्हा तुमचं बोलणं ऐकलेला एक तरी माणूस त्या खोलीत असलेला बरा.